दिसलं की सांगा

नोकरीत मी सगळ्यांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे : "समोर बघा, मान हलवू नका, दिसलं की सांगा." बायको म्हणते, मी हे झोपेतही बोलतो. निवृत्त झाल्यावर लोक भजनाला लागतात, पोथी वाचतात. माझी मात्र समोरच्याच्या बुबुळाकडे बघायची खोड गेली नाही. कुणी ओळख करून दिली की मी आधी त्याच्या बाहुल्या गोल आहेत का ते बघतो आणि नाव मागाहून ऐकतो.

मी उमरगा तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात नेत्र सहाय्यक होतो. सरकारी उतरंडीत हे पद डॉक्टरांच्या बरंच खाली आणि शिपायाच्या थोडं वर असतं. पगाराच्या दिवशी हे अंतर नीट दिसायचं. चष्म्याचा नंबर काढायचा, मोतीबिंदू पिकला की नाही ते ओळखून माणूस शिबिराला धाडायचा, करडईच्या काढणीत डोळ्यात गेलेला काटा काढायचा, ही माझी कामं. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी वेगळा तक्ता असे. त्यावर एकच खूण चारी दिशांना फिरवलेली असते. आमच्याकडं तिला 'फणी' म्हणत. "फणीचे दात कुणीकडं?" असं विचारायचं आणि त्यांनी बोटं वळवून दाखवायचं. तुळजापूरच्या एका लॉजवाल्याला गाडीच्या परवान्यासाठी नजरेचा दाखला हवा होता. त्यानं अक्षरांचा तक्ता खालच्या ओळीपर्यंत धडाधड म्हणून दाखवला. फक्त त्या वेळी त्याचं तोंड तक्त्याऐवजी भिंतीवरच्या लक्ष्मीच्या कॅलेंडरकडं होतं.

आमचं घर छपन्नच्या दीक्षेतलं. वडील शिकले नव्हते, पण मी शिकलो. या नोकरीतली एक गोष्ट मी वडलांना फार आवडीनं सांगत असे. त्या काळी ज्या घरांत मला पाणी वरून ओंजळीत ओतत, त्या घरांतले कर्ते पुरुष दवाखान्यात स्टुलावर बसून माझ्यासमोर आपणहून मान वर करत आणि मी अंगठ्यानं त्यांच्या पापण्या उलटत असे. डोळा दुखायला लागला की माणसाला बाकीचं फारसं आठवत नाही. वडील ऐकून नुसते हसत आणि "हात धुतोस ना रे आधी?" असं विचारत.

बहात्तरच्या दुष्काळानं मला अवचित नाव मिळवून दिलं. पाझर तलावाच्या कामावर आणि खडी फोडायला जाणाऱ्या बायाबापड्या दिवस मावळला की चाचपडायला लागल्या. घराची वाट सापडेना, चुलीपुढची भाकरी दिसेना. हिरवी भाजी, दूध, असलं काही महिनोन्महिने पोटात गेलं नाही की असा रातांधळेपणा येतो. औषध होतं जीवनसत्त्वाचं एक दाट, तेलकट द्रावण. ते चमच्यानं पाजलं की आठवडा उलटायच्या आत माणूस संध्याकाळी तरातरा चालायला लागे. चमत्कार तेलाचा आणि श्रेय माझं. "डोळ्यावाल्या साहेबानं चमच्यानं उजेड पाजला," असं बाया म्हणत. मीही फारशी दुरुस्ती करत नसे.

त्याच दिवसांत मुरुमच्या बाजूच्या एका खेड्यातून गौराक्का आपल्या धाकट्या भावाला घेऊन आली. घरात कानडी आणि बाजारात मराठी बोलणारं हे शिवभक्त शेतकऱ्यांचं कुटुंब. भावाचं नाव सिद्राम. अंगानं उंच, बोलायला कमी. संध्याकाळ झाली की बांधावरून थेट ओढ्यात पाय टाकायचा. मी मोठ्या ऐटीत त्याला चमचा पाजला. आठवडा गेला, महिना गेला. ओढा त्याला काही दिसेना.

शेवटी आमच्या डॉक्टरांनी त्याची बाहुली औषधानं मोठी केली आणि आत उजेड टाकून बघितलं. मग मला बोलावलं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पडदा असतो. चित्र उमटतं ते त्याच्यावर. निरोगी माणसाचा पडदा नारिंगी, स्वच्छ दिसतो. सिद्रामच्या पडद्याच्या कडेकडेनं कुणी काजळाचं बोट झटकल्यासारखे काळे शिंतोडे होते. डॉक्टर म्हणाले, "कांबळे, हे उपासमारीचं नाही. हे घराण्यातनं आलंय. हा पडदा कडेनं मरत मरत मध्यापर्यंत येणार. आणि आपल्याकडं औषध नाही."

मी चौकशी केली. सिद्रामचा थोरला मामा ऐन चाळिशीत पूर्ण आंधळा होऊन देवळाच्या कट्ट्यावर बसलेला. सिद्रामची आई तिच्या सख्ख्या मामाला दिलेली. आमच्या सीमेकडच्या भागात भाची मामाला देणं ही जुनी रीत आहे. शेत घरात राहतं, सून परकी नसते, सासू म्हणजे आजीच. एवढी सोय असलेली रीत कोण सोडणार? फक्त घरातली एखादी खोटही घरातच राहते. असा आजार दोन्ही बाजूंनी आला तरच उमटतो; एका बाजूनं आला तर लपून बसतो. परक्या घरात नेमकी तीच खोट लपलेली असण्याचा संभव फार थोडा. स्वतःच्या घरात मात्र ती शेजारच्या खोलीतच झोपलेली असते.

सिद्रामसाठी मी काळा पडदा तयार केला. डॉक्टरांनी पुस्तकातलं चित्र दाखवलं होतं. मुरुमच्या बाजारातून काळं कापड आणलं आणि शिंप्याला म्हटलं, "यावर मधोमध एक पांढरा ठिपका आणि भोवती एकात एक गोल शिवा. काळ्या दोऱ्यानं." शिंपी माझ्याकडं बघतच राहिला. "साहेब, काळ्यावर काळं शिवून कुनाला दिसायचं?" म्हटलं, कुणाला दिसू नये म्हणूनच. माणसाला पडद्यापुढं बसवायचं, एक डोळा झाकायचा, दुसऱ्यानं मधल्या ठिपक्याकडं बघत राहायला सांगायचं. मग काळ्या काडीच्या टोकाला लावलेला पांढरा मणी कडेकडून हळूहळू आत आणायचा. जिथं "दिसलं" म्हणेल तिथं कापडाला टाचणी. चारी बाजूंनी असं केलं की त्याची नजर केवढी आहे त्याचा नकाशा तयार होतो. तुमचीआमची नजर त्या कापडाबाहेर जाते. सिद्रामच्या टाचण्या मधल्या ठिपक्याभोवती वाटीएवढं कोंडाळं करून बसल्या. त्या वाटीतलं मात्र त्याला लख्ख दिसे. तक्त्याची शेवटची ओळ तो सहज वाचत असे. नळीतून जग बघावं तसा प्रकार.

एक खबरदारी मी सुरुवातीपासून घेत असे. मधूनमधून मणी काढून नुसतीच काळी काडी फिरवायची. काळ्यावर काळी काडी कुणालाच दिसत नाही. तिलाही माणूस "दिसलं" म्हणाला की समजायचं, हा डोळ्यानं नव्हे, मनानं बघतोय.

पुढं काही वर्षांनी आमच्या भागात सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कारखान्याबरोबर ऊस आला, रस्ते आले आणि समारंभ आले. चेअरमन आप्पासाहेब हे समारंभांचे खरे शेतकरी. दर पंधरवड्याला एक तरी काढणीला आलेला असायचाच. सिद्रामला त्यांनी शेतकी खात्यात स्लिप बॉय म्हणून घेतलं होतं. म्हणजे कुणाचा ऊस कधी तोडायचा त्याच्या चिठ्ठ्या शेतकऱ्यांना पोचवायच्या. दिवसा तो हे काम चोख करी. दिवस कलला की सायकल हातात धरून चालत परते आणि विचारलं तर टायर पंक्चर झालंय म्हणून सांगे. त्याच्याइतकं पंक्चर होणारं टायर जिल्ह्यात दुसरं नव्हतं.

आप्पासाहेबांनी कारखान्याच्या शाळेत 'चिनी सुयांचं भव्य नेत्र शिबिर' भरवलं. पुण्याहून डॉक्टर आगाशे आले. हे रीतसर शिकलेले डॉक्टर. सुयांचं शास्त्र हौसेनं पुढं शिकलेले. स्वागताला कमान, वाजंत्री. आगाशेंच्या ड्रायव्हरला कुणीतरी डॉक्टर समजून पहिला हार घातला, तो त्यानं परतही केला नाही. आप्पासाहेबांनी भाषणात सांगितलं की हे शास्त्र मुळात आपलंच होतं, चीननं ते नेलं आणि आता आपण ते परत आणतो आहोत. टाळ्या झाल्या. आगाशे मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडं बघत होते. तेव्हाच मला हा माणूस बरा वाटला.

शिबिरापूर्वी आणि नंतर नजर मोजायला म्हणून आमच्या डॉक्टरांनी मला तिकडं धाडलं होतं. आगाशेंनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेतलं. "कांबळे, मागच्या शिबिरात माझ्या सुयांनी रातांधळेपणा गेला होता. भरभर गेला."

"पेशंट कुठले होते, साहेब?"

"दुष्काळी भागातले. मुलं, बायका."

"आणि त्यांना जेवायला?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "रोज शेवग्याच्या पाल्याची भाजी. शिवाय माशाचं तेल." मग स्वतःशीच हसले. "म्हणजे सुया मी टोचल्या आणि बरं शेवग्यानं केलं?"

"असेल किंवा नसेल. इथला सिद्राम तसा नाही. त्याच्यावर शेवगा चालत नाही."

"मग त्यालाच मोजा," ते म्हणाले. "आधीही, नंतरही. आणि माझ्या तोंडाकडं बघून मोजू नका."

आत्तापर्यंत मी बरेच मोठे लोक बघितले होते. पण आपलं काम खरं की खोटं हे स्वतःहून मोजायला लावणारा हा पहिलाच.

सुयांविषयी बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, कारण गावात अशी आवई उठली होती की सुई बुबुळात घालतात, आणि त्या आवईवर अर्धी रांग पळाली होती. डोळ्याला सुई लागत नाही. केसासारख्या बारीक सुया उकळून घेतलेल्या असतात. भुवईच्या टोकाला, डोळ्याच्या खोबणीच्या कडेला, मानेच्या खळग्यात, अंगठा आणि बोटाच्या बेचक्यात, गुडघ्याखाली अशा ठरलेल्या जागी त्या टोचतात आणि थोडा वेळ तशाच ठेवतात. काहींना तारा जोडून बॅटरीच्या पेटीतून मुंग्या येतील एवढाच प्रवाह सोडतात. शाळेच्या बाकांवर ओळीनं बसलेली, कपाळात सुया उभ्या असलेली आणि तोंडात पान असलेली माणसं हे दृश्य मी विसरणार नाही.

थोड्या दिवसांतच शिबिरात आनंदीआनंद झाला. ज्याला त्याला बरं वाटायला लागलं. मी पडदा लावून बसलो. पहिला आला तो एक म्हातारबा. त्याला साधा मोतीबिंदू होता. मी मणी काढला आणि रिकामी काडी फिरवली.

"दिसलं! लई झकास दिसलं!"

"काय दिसलं, बाबा?"

"तुमी दावलासा ते."

"मी काहीच दाखवलं नव्हतं."

म्हातारबा जराही ओशाळला नाही. मलाच समजावू लागला. "साहेब, कुठनं आलंय बिचारं ते. रोज वाकून वाकून सोताच्या हातानं टोचतंय. त्येला न्हाय म्हनायचं म्हंजे दारातनं पाव्हना उपाशी धाडल्यावानी न्हाय का?"

त्याच्यामागून येणारा जो तो असाच. रिकाम्या काडीला सगळ्यांनी भरभरून दाद दिली. आमच्याकडं माणूस पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाही. त्यांनी डॉक्टरलाही गुण आल्याचं सांगितल्याशिवाय सोडलं नव्हतं. मी हे आगाशेंना सांगितलं. ते इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मग एकदम गंभीर झाले. "सगळेच?"

"जवळजवळ."

"आणि सिद्राम?"

"तो रिकाम्या काडीला गप्प राहतो."

"म्हणजे अख्ख्या शिबिरात मला पेशंट एकच मिळाला," ते म्हणाले.

हा एकच पेशंट तिकडं वेगळ्याच पेचात होता. गौराक्काची मुलगी महादेवी मॅट्रिक झाली होती. रीतीप्रमाणं ती सिद्रामची. अक्कानं देवळात बोलून ठेवलं होतं की सुयांनी भावाची नजर आली तर येत्या सराईत अक्षता. ती मला म्हणाली होती, "दिस बुडाला की आंधळा व्हनाऱ्याच्या हातात पोरगी कशी देऊ? आन् न्हाय दिली तर भावाचं तोंड कसं बघू? आता ह्यो डॉक्टर आन् तुमचं ते काळं फडकं काय सांगंल ते." थोडक्यात, आई म्हणून तिला जे ठरवता येत नव्हतं ते तिनं माझ्या पडद्यावर सोपवलं होतं. शिंप्यानं काळ्यावर काळं शिवताना ही जोखीम धरली नव्हती, मीही नाही.

सिद्राम रोज सुया घ्यायला येई. एके दिवशी दुपारी शाळेमागच्या चहाच्या टपरीवर तो माझ्याजवळ येऊन बसला.

"साहेब, एक इचारू?"

"विचार की."

"समजा नजर वाढली. तर पोराबाळांना व्हायचं टळतंय का?"

"नाही. गुण आलाच तर तुझ्या डोळ्याला येईल. पोराला तू काय देणार ते तू जन्मलास तेव्हाच ठरलंय."

"आन् महादेवीत?"

"तिच्यात लपलेलं असू शकतं. असेलच असं नाही. पण ते तपासून सांगता येत नाही. मलाच नाही, आमच्या डॉक्टरांनाही नाही."

"आन् बाहेरची केली तर?"

"तर भीती फार कमी."

त्यानं बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, "मंग ह्या सुया अक्काला टोचाय पायजेत, मला न्हाय."

मी हसलो. तो हसला नाही. मी काही विचारलं नसताना म्हणाला, "महादेवी लई गुनाची हाय, साहेब." आणि उठून गेला.

मधली मोजणी झाली तेव्हा टाचण्या जिथल्या तिथं. पण सिद्राम स्वतः म्हणाला, "साहेब, जग मोकळं वाटाय लागलंय." हे खोटं नव्हतं. नळीतून बघणाऱ्या माणसाला सतत मान फिरवावी लागते. त्याची मान आणि खांदे वर्षानुवर्षं दगड होऊन बसलेले होते. सुयांनी ते सुटले. झोप लागायला लागली. माणूस ताठ चालायला लागला. आगाशेंना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मान सुटली ती माझी. ती तरी माझ्याकडून काढून घेऊ नका, कांबळे." ती मी कधीच काढून घेतली नाही.

समारोपाला आप्पासाहेबांनी सिद्रामची तपासणी व्यासपीठावर ठेवली. मी म्हटलं, ही गोष्ट खोलीत शांततेत करायची असते. आगाशेंनीही सांगून बघितलं. आप्पासाहेब म्हणाले, "डॉक्टर, जनतेपासून काय लपवायचं?" जनतेपासून इतर पुष्कळ गोष्टी त्यांनी बिनबोभाट लपवल्या होत्या, पण ते असो. भर दुपारी मांडवात, त्यांच्याच फोटोच्या खाली, माझा पडदा टांगला गेला. बायकांच्या बाजूला पुढंच गौराक्का बसलेली, शेजारी महादेवी. आगाशेंनी माइक घेऊन सांगितलं, "तो सांगेल तेच खरं धरायचं. कृपा करून कुणी काही सुचवू नका, टाळ्या वाजवू नका."

सिद्राम स्टुलावर बसला. मी त्याचा डावा डोळा झाकला. पहिल्या मोजणीच्या काळ्या डोक्याच्या टाचण्या मी आधीच पुन्हा जिथल्या तिथं टोचून ठेवल्या होत्या; सिद्रामला त्या दिसत नव्हत्या, मला जवळून दिसत होत्या. पहिली फेरी मी रिकाम्या काडीची केली. काडी कडेवरून निघाली, अर्ध्यावर आली. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हन की रं, दिसलं म्हन!" आप्पासाहेब खुर्चीतून पुढं झुकले होते.

सिद्राम ठिपक्यावरची नजर न काढता म्हणाला, "इल्ला."

इल्ला म्हणजे कानडीत नाही. घाबरला की माणूस घरच्या भाषेत जातो.

मग मी मणी लावला. लोकांना मणी दिसत होता. तो बाहेरच्या गोलावरून आत आला, तेव्हा मांडवात कुजबुज झाली. मधला गोल ओलांडला. "इल्ला." मलाही मनातून त्यानं आता "दिसलं" म्हणावं असं वाटत होतं. हे लिहायला हरकत नाही. कुठल्याही पेशंटला दिसू नये असं मला कधीच वाटलेलं नाही. मणी जुन्या टाचणीला टेकला.

"आत्ता," सिद्राम म्हणाला.

वरून आणला, खालून आणला. जिथं तिथं जुनी टाचणी आणि "आत्ता." दुसरा डोळाही तसाच.

आप्पासाहेब माइककडं गेले. "पोरगं घाबरलंय जरा. एवढी जनता बघून. सिद्राम, नीट बघ रं!"

माइक सिद्रामच्या अगदी जवळ होता. त्यामुळं त्याचं उत्तर कर्ण्यातून कारखान्याच्या गेटपर्यंत गेलं. "नीटच बघितलं, साहेब. हाय तेवढंच हाय."

मला माझ्या नोकरीचा अभिमान कधी वाटला असं विचाराल तर तो त्या क्षणी वाटला. समोर चेअरमन, ज्यांच्या एका शब्दावर त्याची नोकरी. शेजारी डॉक्टर, ज्यानं त्याला रोज हातानं टोचलं. समोर बहीण आणि जिच्याविषयी तो टपरीवर बोलला ती मुलगी. एक शब्द, तोही अर्धवट खरा वाटणारा, बोलला असता तर सगळे खूश होते. कारखान्याच्या मांडवात त्या दिवशी किती माणसं होती कोण जाणे. पण रिकाम्या काडीपुढं एकच टिकलं.

आगाशे उठले आणि माइकवर सरळ बोलले : पडद्यावरची नजर वाढलेली नाही, मानेचं दुखणं गेलं आहे, बाकीच्यांना काय वाटतं यावरून सुयांचा निकाल लागत नाही. त्यानंतर आप्पासाहेबांनी शिबिर शंभर टक्के यशस्वी झाल्याचं जाहीर केलं आणि आभार मानले. ड्रायव्हरला पुन्हा हार मिळाला.

अजूनही ओळखीचे लोक विचारतात, सुयांनी घराण्यातला रातांधळेपणा जातो का? या आजारावर सुया लावून बघण्याचे प्रयत्न होतात असं वाचतो. एका सिद्रामवरून मी शास्त्राचा निकाल लावणार नाही. कुणाला फायदा होत असेल तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार? मी एवढंच विचारतो : मोजलं कुणी, कसं आणि मधे रिकामी काडी फिरवली का?

शिबिरानंतर गौराक्का महादेवीला घेऊन दवाखान्यात आली. येताच माझ्यावर बरसली. "तुमच्या त्या फडक्यानं माझ्या घराचं वाटोळं केलं. भाऊ दोन वेळा जेवाय बी येईना माझ्याकडं." बोलून झाल्यावर मुलीला स्टुलावर बसवलं. "आता हिची तपासा."

मी पडदा लावला. महादेवीची नजर कापडाबाहेर जात होती. स्वच्छ, निरोगी. अक्काचा चेहरा उजळला. "मंग चांगलं हाय की!"

"तिची नजर चांगली आहे, अक्का. पण तिच्यात काय लपलंय ते या कापडावर दिसत नाही." हे वाक्य उच्चारताना मला जेवढं अपुरं वाटलं तेवढं क्वचितच कधी वाटलं असेल.

अक्का काही बोलायच्या आत महादेवी बोलली. "अव्वा, मामाला मी इचारलं. मांडवात खोटं का न्हाय बोललास म्हनून. तर म्हनला, दिसलं न्हाय म्हनून न्हाय म्हनलो. पन दिसलं असतं तरी तुला न्हायच म्हनलो असतो. तुजी लेकरं ओढ्यात पडल्याली मला बघायची न्हाईत, म्हनला."

अक्कानं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर कुणाची तरी बैलगाडी सुटलेली होती, बैल वैरण खात होते. ती पुटपुटली, माझ्याशी नव्हे, "गाईला सुदीक आमी दुसऱ्या गावचा वळू बघतो." मग पदर सावरून उठली. "चल ग."

महादेवीला सोलापूरकडचं स्थळ मिळालं. मुलगा शाळामास्तर. मला आग्रहाचं बोलावणं होतं म्हणून मी गेलो. मुहूर्त दुपारचा होता. पण आप्पासाहेब आशीर्वादाला येणार होते, आणि ते येईपर्यंत थांबायचं असं ठरलं. ते आले तेव्हा सूर्य टेकला होता. मग त्यांनी आशीर्वादपर चार शब्द सांगितले. ते चार शब्द संपेपर्यंत अंधार पडला. वीज गेलेली. कुणीतरी मांडवात गॅसबत्तीला हवा भरत बसलं होतं. ती फुरफुरत होती, पेटत नव्हती.

आमच्या भागात नवरीला घरातून मांडवात मामानं आणायचं असतं आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं असतं. सिद्राम नवा फेटा बांधून घराच्या दारात उभा राहिला. दारापुढं दोन पायऱ्या, मग अंगण, अंगणात मांडवाच्या दोऱ्या ताणलेल्या, पुढं चौरंग. सगळं गाव बघत होतं, आणि याच गावानं महादेवी मामाला का दिली नाही याची भरपूर चर्चा केलेली होती. मी उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात महादेवी बाहेर आली. डोक्यावरून पदर, मान खाली. तिनं शालूच्या पदराआडून मामाचं मनगट धरलं. पायरीशी ती क्षणभर थांबली, तिचे ओठ हलले, आणि सिद्रामचा पाय बरोबर खालच्या पायरीवर पडला. दोरीपाशी ती पुन्हा थांबली, ओठ हलले, त्यानं पाय उचलला. अशी ती दोघं सरळ चौरंगापर्यंत आली. ती त्याच्यापुढं उभी राहिली आणि हात मागं करून त्याचं मनगट तसंच धरून ठेवलं.

माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं डोळे टिपले. "बघा की, भाऊ. मामाचा हात सुटंना पोरीच्यानं."

"व्हय," मी म्हणालो आणि अक्षतांसाठी ओंजळ पुढं केली.